पासिंग कुठलं?

नगरला जुनी गाडी बघायला गेलं की किंमत, रंग, किलोमीटर या गोष्टी नंतर येतात. आधी विचारलं जातं, पासिंग कुठलं? एमएच १६ म्हणजे नगर. एमएच १७ म्हणजे श्रीरामपूर, अर्थात संगमनेर, कोपरगाव, अकोले तालुक्यांकडची उत्तरेची बाजू. १२ आणि १४ या पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या गाड्या, १५ नाशिकची, २० संभाजीनगरची, २३ बीडची. चौदा तालुक्यांचा, सतरा हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, आणि पुणे, नाशिक, संभाजीनगर, बीड, सोलापूर यांच्या मधोमध पसरलेला. त्यामुळे इथल्या बाजारात चहूबाजूंनी जुन्या गाड्या येतात. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, नंबर सोळाच राहिला.

बहुतेक जण हा प्रश्न एवढ्याचसाठी विचारतात, की आपल्याच पासिंगची गाडी असली तर नाव लावायला त्रास नको. पण त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. गाडी कुठल्या हवेत उभी राहिली, कुठल्या रस्त्यावर पळाली, तिच्या रेडिएटरमध्ये कुठलं पाणी गेलं, यावर तिचे आजार ठरतात. २०१५ च्या दोन डिझायर शेजारी शेजारी उभ्या करा. एक कोथरूडहून आलेली, एक पाथर्डीहून. वर्ष तेच, मॉडेल तेच, मीटरवर आकडाही जवळजवळ सारखा. तरी एकीचा क्लच संपलेला असेल आणि दुसरीचे बुश. म्हणून गाडी बघायला जाताना तिचा प्रवास आधी समजून घ्यावा आणि मग त्या प्रवासाच्या खुणा शोधाव्यात. नुसतं बोनेट उघडून ‘इंजिन मस्त आहे’ असं ऐकून घेण्यात काही अर्थ नाही.

सध्या डिकीवाल्या गाडीचा विचार करणाऱ्या कुटुंबाला संधीही चांगली आहे. नव्या गाडीच्या खरेदीत लोकांचा ओढा उंच, एसयूव्हीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांकडे गेला. त्यामुळे त्याच वर्षाची, तितकीच चाललेली सेडान जुन्या बाजारात स्वस्तात मिळते. चार-पाच माणसं, मागे देवदर्शनाचं सामान किंवा गावाहून आणलेलं ज्वारीचं पोतं, आणि पुण्यापर्यंतचा १२० किलोमीटरचा प्रवास, यासाठी सेडानइतकी सुखाची गाडी त्या पैशात दुसरी मिळत नाही असं माझं मत आहे.

आता एकेका पासिंगचे आजार बघू. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरीकडच्या गाडीत पहिला शत्रू गंज. नगरची हवा कोरडी, इथल्या गाडीचा पत्रा वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळे इथल्या माणसाला गंज शोधायची सवयच नसते. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत मात्र पत्रा आतून खाल्ला जातो आणि वरून रंग चकचकीत राहतो. दाराच्या खालच्या कडेला बोटाने दाबत जा. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खड्ड्याचा तळ बघा. जॅक लावायच्या जागा खाली वाकून बघा. रंगाला बुडबुडे आलेले दिसले तर आत गंज पोचलेला असतो. तो घासून पुन्हा रंगवला तरी वर्ष-दोन वर्षांत परत वर येतो.

दुसरी भीती पुराच्या गाडीची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पुराचं पाणी घराघरात शिरलं, तसं ते दारात उभ्या गाड्यांतही शिरलं. विमा कंपनीने दुरुस्तीपलीकडची ठरवलेली गाडी लिलावात स्वस्तात जाते, धुऊनपुसून उभी राहते आणि दूरच्या जिल्ह्यात विकली जाते. अशी गाडी पहिले काही महिने चांगली चालते. मग वायरिंगच्या सांध्यांवर हिरवट क्षार चढतो आणि एकेक गोष्ट बंद पडू लागते. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढा. जो भाग एरवी कधीच बाहेर येत नाही, तिथे चिखलाचा डाग किंवा पाण्याची रेघ सापडते. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांचे नट गंजलेत का, तेही बघा. अत्तराच्या बाटल्या टांगून आतला वास झाकला असेल, तर काचा लावून दहा मिनिटं बसा आणि मग एसी सुरू करा.

पुण्याच्या गाडीचं दुखणं गर्दीचं. हडपसर किंवा वाकडच्या कोंडीत तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगलेल्या गाडीचं मीटर कमी दाखवतं, पण इंजिन त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ सुरू राहिलेलं असतं. क्लच प्लेट, ब्रेक, बॅटरी हे आधी संपतं. क्लच तपासायचा सोपा उपाय आहे. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनचा आवाज वाढला आणि वेग वाढलाच नाही, तर प्लेट घसरते आहे. नगरमध्ये यासाठी चढही हाताशी आहे. शहराच्या पूर्वेला डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे, लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. तिथे वर जाणाऱ्या रस्त्यावर चार माणसं बसवून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढवली, की क्लच, इंजिनचा दम आणि तापमानाचा काटा, तिन्ही एका फेरीत कळतात. विकणारा एवढंही करू देत नसेल तर तिथेच थांबावं.

शिर्डीमुळे या जिल्ह्यात टॅक्सीची वर्दळ मोठी. विमानतळ, मनमाडचं स्टेशन, शनिशिंगणापूर, नाशिक-त्र्यंबकेश्वर अशा फेऱ्या मारून डिझायर आणि इटिओस वर्षाला इतकं अंतर कापतात, की घरगुती गाडीला तेवढ्यासाठी पाच-सहा वर्षं लागावीत. टॅक्सीची गाडी नंतर पिवळ्या पाटीवरून पांढऱ्या पाटीवर आणता येते. ते कायदेशीर आहे, त्यात वाईट काही नाही. सलग हायवेला पळालेलं इंजिन कधीकधी शहरात रांगलेल्या इंजिनपेक्षा निरोगी असतं. फक्त ती टॅक्सी होती हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे आणि किंमत तशी उतरली पाहिजे. आरसी आणि आरटीओची जुनी नोंद बघा. वेग मर्यादित करणारं यंत्र काढल्याच्या वायरी, छपरावर दिव्याच्या पाटीसाठी पाडलेली भोकं, मागच्या दाराच्या हँडलभोवती झिजलेला रंग या खुणाही बोलतात. घरच्या गाडीची चालकाची जागा झिजते. टॅक्सीची मागची सीट बसते.

आता आपल्या स्वतःच्या पासिंगकडे येऊ. इथेच लोक गाफील राहतात, कारण गाडी ओळखीच्या पाहुण्याची असते.

या जिल्ह्यातल्या गाडीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित आजार रेडिएटरमधल्या पाण्याचा आहे. इंजिन थंड ठेवायला कंपनी कूलंट घालते. ते ग्लायकॉल आणि शुद्ध पाण्याचं मिश्रण असतं, उकळायला जास्त तापमान लागतं आणि त्यातली रसायनं आतल्या ॲल्युमिनियमला गंज चढू देत नाहीत. कधीतरी पाइप गळतो, पातळी खाली जाते, आणि मालक घरच्या बोअरचं पाणी बाटलीभर ओततो. पारनेर, कर्जत, जामखेडच्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्यात पांढरा थर धरतो हे प्रत्येक घराला माहीत आहे. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनच्या आतल्या वाटांत बसतो. हिवाळ्यात काही जाणवत नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला, एसी सुरू आहे, गाडीत पाच माणसं आहेत आणि करंजीचा घाट चढायचा आहे, अशा वेळी तापमानाचा काटा वर जातो. दोन-तीनदा असं तापलं की ॲल्युमिनियमचं हेड किंचित वाकतं, हेड गॅस्केट जातं आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाइतका होतो.

हे बघायचं कसं? गाडी रात्रभर थंड उभी राहिलेली असताना सकाळी जा. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि अंगावर उडून भाजतं. थंड गाडीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. हिरवं, गुलाबी किंवा निळसर स्वच्छ पाणी दिसलं तर ठीक. चहासारखं तपकिरी दिसलं, किंवा झाकणाच्या रबराभोवती पांढरी खरड जमली असेल, तर त्या गाडीने बोअरचं पाणी प्यायलंय. मग इंजिन ऑइलचं झाकण काढून त्याच्या आतून बोट फिरवा. दुधाळ, साईसारखा थर लागला तर पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळत असण्याची शक्यता मोठी. आखूड पल्ल्याच्या गाडीत पावसाळ्यात थोडा ओलावा तिथे साचतो, म्हणून डिपस्टिकही काढून बघा. तिच्यावरही ऑइल दुधाळ दिसलं तर सौदा सोडून द्या. इंजिन सुरू करून कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर तेही गॅस्केटचंच लक्षण.

दुसरं दुखणं रस्त्यांचं. नगर-मनमाड रस्त्याची दुरवस्था जिल्ह्यात कोणाला सांगायला नको, आणि प्रत्येक गावाच्या दोन्ही टोकांना असलेले उंच गतिरोधक वेगळेच. सेडान लांब आणि बुटकी, २०१७ च्या डिझायरची जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर. कुटुंब आणि सामान भरलं की ती आणखी खाली बसते आणि पोट घासतं. गाडी रॅम्पवर चढवून ऑइलच्या चेंबरवरचे ओरखडे, वाकलेला सायलेन्सर, फाटलेले ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट बघितल्याशिवाय सौदा करू नये. गॅरेजवाला यासाठी मागेल ते पैसे आनंदाने द्यावेत. खड्ड्यातून हळू जाताना पुढून ‘कट-कट’ आवाज आला तर बहुधा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश गेलेले असतात. हे स्वस्तातलं काम. स्टेअरिंग वळवताना जड लागत असेल, त्यात कंप किंवा मोकळीक जाणवत असेल, तर रॅक तपासा. ते महागातलं. टायर आतल्या कडेने जास्त झिजलेले असतील तर नुसत्या अलाइनमेंटवर विश्वास ठेवू नका, काहीतरी वाकलेलं असू शकतं.

उसाच्या पट्ट्यात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. शेतातल्या वस्तीवर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. बोनेटखाली चिकटपट्टीने जोडलेल्या वायरी, फ्यूज बॉक्सजवळच्या लेंड्या, एसी फिल्टरच्या खोक्यातलं गवत बघून ठेवा. दुसरी गोष्ट गंभीर. गळिताच्या हंगामात संध्याकाळनंतर रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि मागून धडकून होणारे अपघात दर हंगामात बातम्यांत येतात. अशा धडकेत गाडीचं पुढचं तोंडच आत जातं. नंतर बोनेट, बंपर, दिवे नवे बसवून गाडी पुन्हा सुंदर दिसते.

म्हणून पुढचा भाग नीट वाचायला शिकावं. बोनेट उघडलं की दोन्ही बाजूंना चाकांच्या वरचा आतला पत्रा दिसतो, मेकॅनिक त्याला एप्रन म्हणतात. कारखान्यात यंत्राने जोडलेल्या पत्र्यावर ठरावीक अंतरावर छोटे गोल खळगे असतात, आणि सांध्यात भरलेला सीलंट एकसारखा ओढलेला असतो. हाताने केलेल्या वेल्डिंगमध्ये खळगे नाहीसे होतात, सीलंट वेडावाकडा होतो, बोट फिरवलं की ग्राइंडरचे चरे लागतात. डाव्या आणि उजव्या एप्रनची तुलना केली की फरक नवख्यालाही दिसतो. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला असेल तर ते कधीतरी उघडलेले आहेत. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनावटीचा मार्क असतो. पाच काचा एका कंपनीच्या आणि एक वेगळी असेल तर विचारा. दाराला डेंटिंग-पेंटिंग झालेलं असणं मी क्षम्य मानतो. एप्रन, पिलर किंवा चासी कापून जोडलेली गाडी मात्र कुटुंबासाठी कितीही स्वस्तात घेऊ नये, कारण पुढच्या अपघाताचा मार शोषून घ्यायचं काम त्याच पत्र्याचं असतं.

एअरबॅगचाही इथेच विचार करा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो पेटलाच नाही, तर फुटलेली एअरबॅग न बदलता दिवाच बंद केलेला असू शकतो. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सर्व गाड्यांत सक्तीची झाली आणि एबीएस त्याच वर्षी एप्रिलपासून. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये दोन्ही नसण्याची शक्यता आहे. नियमांची ही शिडी चढवण्यात नगरचाही हात आहे. नवं वाहन बाजारात येण्याआधी ज्या संस्थांकडून तपासून घ्यावं लागतं, त्यांच्या यादीत केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या नियमात नगरच्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेचं नाव आहे. चार-पाच लाखांच्या बजेटमध्ये जुनं टॉप मॉडेल आणि एक वर्ष अलीकडचं बेस मॉडेल असा पर्याय आला, तर मी दोन एअरबॅग आणि एबीएस असलेल्या जुन्या गाडीच्या बाजूने उभा राहीन.

मीटरचा आकडा मागे फिरवणं हा जुना धंदा आहे, आणि मीटर डिजिटल झाल्यावर तो सोपा झाला. आकड्याशी वाद घालण्यापेक्षा गाडीतल्या तारखा बघा. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात, ३५१९ म्हणजे २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. २०१८ ची गाडी, मीटर तीस हजार आणि चारही टायर २०२३ चे, हा हिशेब जुळत नाही. ब्रेक-क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टेअरिंगची कातडी चकाकते का, हे बघा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जात असेल तर नोंदणी क्रमांकावरून प्रत्येक सर्व्हिसचा आकडा निघतो. मालकाला बरोबर घेऊन तिथे जा.

आता कोणती गाडी घ्यावी याबद्दल. डिझायरचं राज्य का, हे समजायला २००६ चा अर्थसंकल्प आठवावा लागतो. चार मीटरपेक्षा आखूड आणि छोट्या इंजिनच्या गाड्यांना कर कमी लागला. मग २००८ मध्ये टाटांनी इंडिगो सीएस आणली आणि २०१२ मध्ये मारुतीने डिझायरचीही डिकी आखडून घेतली. त्या काळातल्या डिझेल डिझायरमध्ये १.३ लिटरचं फियाटचं इंजिन. तेच इंजिन टाटांच्या मांझा आणि झेस्टमध्ये, फियाटच्या लिनियातही. आपल्या पुणे रस्त्यावरच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनत असे. त्यामुळे श्रीगोंद्यापासून अकोल्यापर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये त्याची नस ओळखणारा हात सापडतो. त्याचं मुख्य दुखणं टायमिंग चेनचं. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन सैल पडते. सकाळी थंड सेल्फ मारल्यावर पहिल्या काही सेकंदांत पत्रा खडखडल्यासारखा आवाज आला आणि नंतर शांत झाला, तर चेन आणि टेन्शनरचं काम जवळ आलंय. म्हणूनच आपण पोचायच्या आधी इंजिन गरम करून ठेवलेली गाडी बघू नये, दुसऱ्या दिवशी परत जावं. टर्बो, इंजेक्टर आणि ईजीआर व्हॉल्व्हही तपासून घ्या. चढावर काळा धूर आणि दम नसणं ही त्यांची लक्षणं.

टोयोटा इटिओस दिसायला साधी, आतून आणखी साधी, पण मागची जागा ऐसपैस आणि इंजिन दणकट. २०२० मध्ये बंद झाली तरी तिच्या सुट्या भागांची अडचण होत नाही. फक्त टॅक्सीचा इतिहास नसलेली शोधावी लागते. होंडा सिटीचं पेट्रोल इंजिन दीर्घायुषी. जुन्या सिटीत टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचा प्रश्न होता. उष्णता आणि दमटपणाने तिच्या इन्फ्लेटरमधलं रसायन बिघडतं आणि फुगताना धातूचे तुकडे उडू शकतात, म्हणून जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. चासी नंबर देऊन होंडाच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं, की तो भाग बदलला आहे का ते कळतं, आणि बदलायचा राहिला असेल तर फुकट बदलून मिळतो. व्हर्ना आणि सियाझ या दोन्ही कुटुंबाला चांगल्या. व्हेंटो आणि रॅपिड चालवायला फार सुंदर गाड्या आहेत. पण त्यांच्या डिझेल इंजिनला चेनऐवजी टायमिंग बेल्ट असतो, तो तुटला तर इंजिनचं आतलं सगळं आपटून निकामी होतं. ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्सचं काम तर जिल्ह्याबाहेर जाऊनच करावं लागण्याची शक्यता. शेव्हरोलेने २०१७ मध्ये आणि फोर्डने २०२१ मध्ये इथला गाशा गुंडाळला. या गाड्या स्वस्त दिसतात, पण आपल्या गावात त्यांचा मेकॅनिक आहे का, हे आधी विचारा.

डिझेल की पेट्रोल? महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटरपेक्षा कमी चालणार असेल तर पेट्रोल घ्या. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो ती काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडी सलग काही वेळ वेगात पळावी लागते. नगर शहरात सावेडीहून मार्केट यार्ड आणि परत, एवढ्यावर तो तुंबतो. सीएनजीचं किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर त्याची नोंद आणि टाकीच्या पट्टीवर तीन वर्षांच्या आतली चाचणी, या दोन्ही गोष्टी हव्यात. शिवाय डिकी गेली, तर सेडान घेण्याचं निम्मं कारणच जातं.

पेट्रोलच्या जुन्या गाडीत इथेनॉलचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी कारखान्याची चाकं फिरवली. त्या उसाचा रस आज इंधनाच्या टाकीपर्यंत पोचला आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी. ॲव्हरेज थोडं पडतं ते यामुळे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणासाठी बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप आणि वॉशर कडक पडलेत का, चिरलेत का, कुठे पेट्रोलचा वास येतो का, हे बघून घ्या. ते बदलणं फार खर्चाचं नाही. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून अशी गाडी अर्धी टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

गाडी आवडली की कागद. शेत घेताना आपण सातबारा उलटासुलटा करून बघतो, कोणाचा बोजा आहे का ते विचारतो. आरसी तितक्याच बारकाईने वाचायला हवी. त्यावर बँकेचं, फायनान्सचं किंवा पतसंस्थेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं ना हरकत पत्र आणि नमुना ३५ सही-शिक्क्यानिशी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कर्ज देणारी बँक चालू आहे ना, हेही बघा. नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. अशा बँकेचा बोजा उतरवायला अवसायकाकडे जावं लागतं, आणि ते काम विकणाऱ्याने करून द्यायचं असतं.

नाव लावण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. गावाकडे मात्र नोटरीच्या कागदावर गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे फिरते आणि आरसीवर पहिल्याचंच नाव राहतं. हे विकणाऱ्यासाठी भयंकर आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं, की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, मग त्याने गाडी कधीही विकलेली असो. जुन्या गाड्यांच्या डीलरनेही १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायला हवं. ते दाखवा म्हणायला संकोच करू नका.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या ना हरकत दाखला घेऊन बाहेर पडतात. महाराष्ट्रात नोंदवताना इथला कर पुन्हा भरावा लागतो, तो धरून हिशेब करा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, आणि कारसाठी त्याचं शुल्क २०२२ मध्ये पाच हजार रुपये झालं, पर्यावरण कर वेगळा. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना हे धरायलाच हवं. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का आणि ई-चलान थकलेली आहेत का, हे घरबसल्या दिसतं.

विम्याची पॉलिसी मागा आणि तिच्यावरचा नो क्लेम बोनस बघा. दावा न करता वर्षं गेली की तो वीस टक्क्यांपासून वाढत पन्नासपर्यंत जातो. सहा वर्षांची, ‘एकही ओरखडा नाही’ म्हणून दाखवलेली गाडी आणि बोनस शून्य, तर गेल्या वर्षी दावा झाला असावा. कशाचा, ते विचारा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही. पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेतली नाही, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळायला अडचण येते.

किंमत ठरवताना २२ सप्टेंबर २०२५ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नवी डिझायर, अमेझ, ऑरा स्वस्त झाल्या. त्याआधी नवी घेतलेला मालक स्वतःच्या खरेदीची किंमत धरून भाव सांगतो. आपण आजची नवीची किंमत समोर ठेवून बोलावं. विसार दिला तर त्याची पावती घ्यावी आणि तपासणीत दोष निघाल्यास परत मिळेल असं तिच्यावर लिहून घ्यावं. गाडीच्या किमतीचा दहावा हिस्सा पहिल्या महिन्याच्या कामासाठी बाजूला ठेवावा, तेवढे पैसे उरत नसतील तर एक पायरी स्वस्त गाडी बघावी.

ते काम ठरलेलं आहे. आधीच्या मालकाने कालच ऑइल बदललं म्हणून सांगितलं तरी इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर बदला. रेडिएटर धुऊन कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा आणि एक बाटली कूलंट डिकीत ठेवा. ब्रेकचं तेल बदला, ते हवेतली ओल ओढतं आणि घाट उतरताना ब्रेक मऊ पडतात. बेल्टवर चालणारं इंजिन असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर तो पहिल्याच आठवड्यात बदला. टायर सहा वर्षांहून जुने असतील तर नक्षी शाबूत दिसली तरी बदला, उन्हाळ्यात समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर जुनं रबर फुटतं. आणि स्टेपनीत हवा भरून घ्या, तिच्यावरचेही चार अंक वाचून.